कापलेली चार मिनिटं

१

रविवारची उपासना संपली की मंडळी दारापाशी रेंगाळायची, आणि कानवाली ताई मागच्या जिन्यानं माळ्यावर चढायची. एका दवाखान्यात ती लोकांचे कान तपासायची, ऐकायची यंत्रं बसवून द्यायची, म्हणून चर्चमधल्या म्हाताऱ्यांनी तिला हे नाव दिलं होतं. निम्म्या म्हाताऱ्यांच्या कानातली यंत्रं तिच्याच हातची. पाळक म्हणायचे, माझा उपदेश लोकांच्या मनात उतरतो की नाही देव जाणे, पण कानात शिरतो त्याचं श्रेय हिचं.

माळ्यावर पूर्वी गायकवर्ग बसायचा. आता तिथं मोडक्या खुर्च्या होत्या, गीतांच्या जुन्या पुस्तकांची खोकी होती आणि कठड्याला टेकवून ठेवलेला एक स्टँड, त्यावर फोन. उपासनेआधी ताई वर येऊन रेकॉर्डिंग चालू करायची, खाली जाऊन बसायची, आणि सगळं आटोपल्यावर परत येऊन बंद करायची. मग पाळकांचे झगे टांगलेले असायचे त्या छोट्या खोलीत लॅपटॉप उघडून कामाला लागायचं. गाणी आणि सूचना काढून टाकायच्या, नुसता उपदेश ठेवायचा. कुणाचा खोकला, कुणाची पडलेली काठी, माइकची शिट्टी, एवढं कापायचं. एकच्या आत लिंक ग्रुपवर गेली नाही तर फोन सुरू व्हायचे.

चर्चची दारं बंद ठेवावी लागली त्या वर्षी हे सुरू झालं. दारं पुन्हा उघडली, पण चाळीसेक घरं व्हिडिओवरच राहिली. कुणाला पायऱ्या चढवत नव्हत्या, कुणाचं अंथरूण सुटत नव्हतं, कुणाला आणायलाच कुणी नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी त्यांत ताईच्या आईची भर पडली.

आई तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. दिवसभर लोकांची बोलणी जोडून द्यायची आणि घरी आल्यावर स्वतःचं बोलायची. अर्धांगाच्या झटक्यानं तिची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून एक शब्द निघत नव्हता. रविवारी सकाळी शेजारच्या मावशी तिच्याजवळ बसायच्या. दुपारी तीनला ताई पलंगापाशी टेबल ओढून त्यावर टॅबलेट उभा करायची आणि मायलेकी उपदेश ऐकायच्या. ताईनं तो चर्चमध्ये ऐकलेला असायचा, कापताना पुन्हा ऐकलेला असायचा. तिसऱ्या वेळी ती आईच्या चेहऱ्याकडे बघत बसायची.

पाळक फार भरभर बोलायचे. रविवारच्या शाळेतली मुलं त्यांना ‘एक्सप्रेस’ म्हणायची आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यामुळे एका रविवारी उपदेशाच्या मधोमध चार सेकंदांची शांतता सापडली तेव्हा ताईला हसूच आलं. गाडी थांबली म्हणायची कुठंतरी. तिनं ते चार सेकंद कापले आणि विसरूनही गेली.

२

पुढच्या रविवारी तीच शांतता सात सेकंदांची होती. त्याच्या पुढच्या रविवारी ती दोन ठिकाणी आली. महिना उलटेपर्यंत अशा सहा जागा झाल्या, मिळून सव्वा मिनिट.

ताईला काहीतरी खटकत होतं, आणि काय खटकतंय हे ती नेमकं सांगू शकत होती, कारण तो तिच्या कामाचाच भाग होता. शांतता कधी रिकामी नसते. पंखे असतात, रस्ता असतो, बसलेल्या माणसांचे कपडे असतात. दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीला चारही बाजूंनी जाड गाद्या ठोकल्या होत्या, तरी तिथंही यंत्र काही ना काही पकडायचंच. पण या जागांमध्ये लॅपटॉपवरची आवाजाची रेघ पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती. चित्र मात्र चालू होतं. छताचे पंखे फिरत होते. पुढच्या बाकावर एक बाई कागदानं वारा घेत होती. आणि पाळक एक हात वर उचललेला तसाच ठेवून, मान जराशी कलती करून उभे होते, समोरचा बोलत असताना आपण उभे राहतो तसे. मग ते हळूच होकारार्थी मान हलवायचे. पंख्यांची घरघर परत यायची, आणि वाक्य जिथं तुटलं तिथून पुढं सुरू.

फोन तापत असेल, असं तिनं ठरवलं. पुढच्या रविवारी स्वतःचा नवा फोन लावून बघितला. शांतता होत्या तिथंच. मग मेमरीला दोष देऊन झाला, माळ्यावरच्या उन्हाला देऊन झाला. शेवटी तिनं सहज विचारल्यासारखं पाळकांना विचारलं, की अलीकडे बोलताना मध्येच थांबता का.

पाळक विधुर होते. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांना खूप हसू आलं. “मी आणि थांबतो? ती असती तर हे ऐकून तुला मिठीच मारली असती.”

३

मग तिनं मोजायचं ठरवलं. दवाखान्यातला छोटा रेकॉर्डर पर्समध्ये ठेवला, स्टॉपवॉच मुठीत घेतलं आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली. उपदेश सुरू झाल्यापासून तिनं पाळकांच्या तोंडावरून नजर हलवली नाही. सत्तावीस मिनिटं दहा सेकंद, आणि त्यात श्वासाखेरीज कुठं खंड नाही. पर्समधल्या रेकॉर्डरवरही सत्तावीस मिनिटं दहा सेकंदच भरली.

माळ्यावरच्या फोनवर तोच उपदेश एकतीस मिनिटं दहा सेकंद भरला.

झग्यांच्या खोलीचं दार लावून तिनं दोन्ही आकडे पुन्हा ताडून बघितले. तिला आपल्या पेशंटांची आठवण झाली. तपासणीच्या खोलीत त्यांच्या कानाला हेडफोन लावायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, आवाज आला की दाबा. दर दोन-चार माणसांमागं एक जण आवाज नसतानाही बटण दाबायचा. ती त्यांना समजावायची, घाबरू नका, कान रिकामे राहिले की डोकं आपल्या पदरचं काहीतरी भरतं, सगळ्यांचं होतं. पण फोनला डोकं नसतं. आणि इथं तर आवाज वाढला नव्हता, वेळ वाढली होती.

तिनं ती जास्तीची चार मिनिटं सावकाश बघितली. कॅमेरा वरून, मागून. बाकांवरच्या लोकांची डोकी तेवढी दिसायची. पहिल्या शांततेत तिला काही कळलं नाही. दुसऱ्या शांततेत तिनं चित्र थांबवलं. सगळ्यांच्या माना कललेल्या होत्या, एकाच बाजूला, एकसारख्या. वारा घेणाऱ्या बाईचा कागद मांडीवर पडला होता. सगळ्या चर्चमध्ये एकच डोकं ताठ होतं, पहिल्या बाकावरचं. ते तिचं स्वतःचं होतं.

बाहेर पडताना गायकवर्गाच्या एका बाईंना तिनं उपदेश कसा वाटला ते विचारलं. छान झाला की, त्या म्हणाल्या, नेहमीसारखाच, जरा घाईचा.

ताईनं चारही मिनिटं कापली. लिंक जायला दोन वाजले.

४

मंगळवारी तिला एका जुन्या पोस्टमन काकांचा फोन आला. गुडघे गेल्यापासून ते तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एकटे असायचे. दोन्ही कानांत तिनंच बसवलेली यंत्रं होती, म्हणून तिला वाटलं बॅटरी संपली असेल. पण काकांची तक्रार निराळीच होती. ताई, तुम्ही मधलं मधलं कापता, ते बरं नाही, ते म्हणाले. पाळकांचा हात एकदम वरचा खाली होतो, मान इकडची तिकडं होते. आम्हाला कळतं. आयुष्यभर लोकांची पत्रं पोचवली मी, फाडून अर्धी कधी दिली नाहीत.

ताईनं सांगितलं, की काका, तिथं काही नाहीच, नुसती शांतता आहे. काकांनी आईच्या तब्येतीची चौकशी केली. मग फोन ठेवला.

त्या रविवारी आईला ताप होता. पहाटेपासून ताईची धावपळ चाललेली. उपासना संपताच तिनं व्हिडिओची सुरुवात आणि शेवट तेवढा छाटला, मधल्या कशालाही हात न लावता लिंक टाकली आणि घर गाठलं. तीन वाजेपर्यंत ताप उतरला होता. आई उशीला टेकून बसली आणि डाव्या हातानं टेबलाकडं खूण केली.

आठव्या मिनिटाला पाळक थांबले. टॅबलेटमधून काहीच येईना. ताई आईच्या पायाशी चादर सारखी करत होती.

“हो, ऐकू येतंय,” आई म्हणाली. “बोला.”

आवाज जरा घोगरा होता, बाकी जसाच्या तसा. एक्स्चेंजमधला, मऊ आणि कामापुरता. ताईच्या हातातली चादर तशीच राहिली.

“घरीच,” आई म्हणाली. थोडं थांबून, “दोघीच.” मग आणखी थोडं थांबून, “नाही नाही, आहे ना. इथं शेजारीच बसलीय.”

पाळकांनी मान हलवली, पंख्यांची घरघर आली, उपदेश पुढं सुरू झाला. ताई आईच्या उशाशी धावली, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आई, पुन्हा बोल, काहीही बोल, म्हणून विनवलं. आईचे डोळे भरून आले. ओठ हलले, पण घशातून नुसती हवा आली.

पुढच्या शांततेत मात्र ती पुन्हा बोलली. “चालेल,” एवढंच.

५

ग्रुपवर त्या दुपारी निरोपांची रांग लागली. एरवी जोडलेल्या हातांची चारेक चित्रं यायची. आज प्रत्येकानं काही ना काही लिहिलं होतं. फार बरं वाटलं. किती दिवसांनी कुणीतरी विचारपूस केली. असाच अख्खा पाठवत जा.

सोमवारी कामावरून सुटल्यावर ताई पोस्टमन काकांकडं गेली. यंत्रं तपासायची आहेत, असं निमित्त केलं. खोली नीटनेटकी होती, खुर्ची टॅबलेटसमोर मांडलेली. काका खुशीत होते. ताईनं यंत्रं पुसली, बॅटऱ्या बघितल्या, आणि मान वर न करता विचारलं, की काका, कालच्या उपदेशात पाळक थांबले तेव्हा तुम्ही काही बोललात का.

“विचारल्यावर बोलायला नको?”

“कुणी विचारलं?”

“पाळकांनीच. दुसरं कोण असणार तिथं?”

तिनं म्हटलं, की पाळकांचं तोंड तर तेव्हा बंद असतं. काकांनी तिच्याकडं जरा दयेनं बघितलं. एवढ्या वर्षांत लोकांचे कान तपासून हिला एवढं कळू नये, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

“ऐकताना तोंड कशाला बघायचं, ताई?”

“काय विचारलं पण?”

काकांनी आठवून पाहिलं. विशेष काही नाही, म्हणाले. बरे आहात ना, औषधं घेता ना. मग घरात आणखी कोण कोण असतं ते विचारलं. “मी म्हटलं, कुणी नाही. तर म्हणाले, येतं का कुणी. मी तुमचं नाव सांगितलं.”

ताईनं यंत्रं त्यांच्या कानात परत बसवली. डावं नीट बसवायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला.

६

बुधवारी ती लॅपटॉप घेऊन पाळकांच्या घरी गेली आणि काही हातचं न ठेवता सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. मग तिनं व्हिडिओ लावला. आठव्या मिनिटाच्या शांततेपाशी पाळक खुर्चीतून पुढं सरकले आणि चष्मा काढून पडद्याजवळ डोळे नेऊन बघू लागले.

तिला वाटलं होतं, ते हसतील किंवा चिडतील. पण ते कितीतरी वेळ स्वतःकडंच बघत राहिले.

“मला यातलं काही आठवत नाही,” ते म्हणाले. “आणि मी बाकांकडं बघत नाहीये, पोरी. बघ नीट.”

तिनं बघितलं. इतके दिवस ती धरून चालली होती, की ते शेवटच्या बाकावरच्या कुणाकडं बघतात. पण नजर त्याहून बरीच वर होती. कॅमेऱ्याच्या किंचित वर आणि उजवीकडं. स्टँडच्या मागं कुणी उभं असेल तर त्याचा चेहरा येईल तिथं. त्या जागी मोडक्या खुर्च्यांचा ढीग होता आणि त्यामागं भिंत.

पाळकांनी लॅपटॉप मिटला. त्यांच्यासारख्या माणसानं अशा वेळी काहीतरी ठाम बोलायला हवं होतं, शास्त्रातलं एखादं वचन तरी. ते उठून खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, की चाळीस वर्षं मी बोलतोय. लोकांना वाटतं मला बोलायची आवड आहे. खरं म्हणजे थांबलो तर काय होईल याची मला नेहमी धास्ती वाटत आली. मग त्यांनी विचारलं, आई खरंच बोलली का. नीट बोलली का. ताईनं सांगितलं, शब्दन्‌शब्द स्पष्ट.

“मग बंद कर असं तुला कोणत्या तोंडानं सांगू?” ते म्हणाले. “पण मला विचारशील तर बंद कर.”

७

तिनं कापलं. त्या रविवारी जास्तीची वेळ नऊ मिनिटांवर गेली होती. सगळी कापली. ग्रुपवर एकही निरोप आला नाही, चाळीसातल्या एकाही घरातून.

घरी तीन वाजता जे झालं ते तिला त्याहून जड गेलं. जिथं जिथं सांधा होता, तिथं आईनं तोंड उघडलं. श्वास घेतला, ओठ पहिल्या अक्षरावर नेले, आणि तेवढ्यात पाळक पुढं बोलू लागले. असं सहा वेळा झालं. सातव्या वेळी आईनं प्रयत्न केला नाही. भिंतीकडं तोंड फिरवून ती पडून राहिली, आणि संध्याकाळी औषधाचा चमचा तिनं डाव्या हातानं बाजूला सारला.

आठवडाभर ताईनं स्वतःशी वाद घातला. काय वाईट होतं त्यात? कुणाला इजा झाली नव्हती. एकट्या माणसांची कुणीतरी चौकशी केली होती. डॉक्टर म्हणाले होते, वाचा यायची तर वर्षाच्या आत येईल, पुढं आशा धरू नका. आठाचे दहा महिने होत आले होते. ज्या औषधानं गुण येतो ते कुठून आलं हे कुणी विचारतं का? आणि एवढं समजावूनही, आपलं नाव काकांनी कुणाला सांगितलं हा प्रश्न काही तिची पाठ सोडेना.

शनिवारी आई जेवलीच नाही. रविवारी ताईनं ग्रुपसाठी कापलेला व्हिडिओ पाठवला आणि अख्खा आपल्या टॅबलेटवर घेतला. फक्त आईसाठी, एकदाच.

तीन वाजता ती पलंगावर आईच्या डाव्या बाजूला बसली. बाहेर रस्त्यावर नेहमीची वर्दळ होती, स्वयंपाकघरात फ्रिज गुरगुरत होता. पाचव्याच मिनिटाला पाळक थांबले.

“हो, ऐकू येतंय,” आई म्हणाली. “मागच्या वेळी लाइन तुटत होती.”

मग, “त्रेचाळीस. पूर्ण झाली.”

ताईचंच वय होतं ते.

“कान ना? चांगले आहेत तिचे. लहानपणापासून.” आई ऐकत राहिली. “नाही. तिला अजून ऐकू येत नाही.”

त्यानंतर पलीकडून बराच वेळ काहीतरी चाललं असावं. आईच्या चेहऱ्यावरची ती कामाची नम्रता हळूहळू उतरली. तिनं एकदा ताईकडं बघितलं. लहानपणी रस्ता ओलांडताना आई असंच बघायची, ताईच्या पलीकडं, येणाऱ्या गाडीकडं नजर ठेवून.

“ती लाइन मी जोडून देणार नाही,” आई म्हणाली. “नाही. माझ्याशी काय बोलायचं ते बोला. तिला जोडणार नाही.”

पडद्यावरच्या पाळकांनी या वेळी मान हलवली नाही. त्यांची नजर खाली आली. कॅमेऱ्याच्या वरून, मागं जे कुणी होतं त्याच्यावरून, सरळ काचेतून समोर. आईकडं नाही. ताईकडं.

फ्रिज थांबला. रस्ता थांबला. ताईनं आयुष्यभर लोकांना शांततेत बसवलं होतं, पण ही तिनं कधी ऐकली नव्हती. स्वतःचा श्वासही त्यात ऐकू येत नव्हता. आणि मग तिच्या डाव्या बाजूला, जिथं पलंग संपून भिंतच होती, कुणीतरी बोलण्याआधी घेतात तसा श्वास घेतला.

तिनं हात मारून टॅबलेट बंद केला. पडदा काळा झाला, पण आवाज परत आले नाहीत. इतक्यात आईचा डावा हात आला आणि तिच्या उजव्या कानावर घट्ट बसला. त्या हातात इतका जोर उरला असेल असं तिला वाटलं नव्हतं. दुसरा कान ताईनं स्वतःच्या तळव्यानं झाकला. डोकं आईच्या खांद्यात खुपसून ती थांबली, किती वेळ ते तिला सांगता येणार नाही. आईनं हात काढला तेव्हा खाली कुणीतरी भाजीवाल्याशी भाव करत होतं.

८

दुसऱ्या दिवशी ताईनं चार वर्षांचे सगळे व्हिडिओ काढून टाकले. फोन बिघडला, असं ग्रुपवर कळवलं. माळ्याच्या जिन्याला कुलूप लागलं. पाळक आता रविवारी दुपारी स्वतः घरोघर जातात, दोन-तीन घरं करतात, खुर्ची ओढून बसतात आणि सकाळचा उपदेश थोडक्यात सांगतात. लोक चहा देतात, चांगलं बोलतात. कधीकधी ऐकता ऐकता एखाद्याची मान कलते, तेव्हा मी आणखी भरभर बोलतो, असं त्यांनी ताईला एकदा सांगितलं. त्यापेक्षा जास्त ते बोलले नाहीत आणि तिनंही विचारलं नाही.

पोस्टमन काकांनी यंत्रं दवाखान्यात परत पाठवून दिली. दोन्ही डबीत नीट ठेवलेली, सोबत चिठ्ठी. आता गरज पडत नाही, आभारी आहे.

आई पुन्हा मोठ्यानं बोलली नाही. वर्ष उलटून गेलं आणि डॉक्टरांनी ते प्रकरण मिटवलं. पण ती जेवते, औषध घेते, ताईच्या विनोदांना अर्ध्या तोंडानं हसते. रविवारी तीनच्या सुमाराला मात्र ताई हातातलं काम टाकून तिच्या डाव्या बाजूला येऊन बसते. आधी फ्रिज जातो, मग रस्ता. आई हात उचलते आणि तिच्या कानावर ठेवते, दुसरा कान ताई झाकते. सुरुवातीला आवाज परत यायला चारेक मिनिटं लागायची. गेल्या रविवारी घड्याळात बघितलं तर सतरा झाली होती, आणि आईचा हात शेवटी थरथरत होता.

त्या वेळात आईचे ओठ हलत असतात. आवाज नसतो. पण ओठांवरून बोलणं वाचणं हे ताईच्या कामातच येतं, रोज बहिऱ्या माणसांना ती तेच शिकवते. म्हणून ती डोळेही मिटून घेते. एकदाच तिला मिटायला उशीर झाला. आई कुणालातरी शांतपणे, पुन्हा पुन्हा सांगत होती, “अजून नाही. मी आहे तोवर नाही.”